तांब्याच्या गोळीला वेग लागतो

क्लितगोर्ड, उत्तर जटलंड
१९ मे २०२४

प्रिय बोदिल,

सोबतची पुडी आत्ता उघडू नकोस, आधी पत्र वाच. फोनच करणार होतो, पण फोनवरून केस पाठवता येत नाहीत. शिवाय तुझ्या तिसऱ्या मजल्यावर समुद्राचा वारा एवढा घोंगावतो, की मला निम्मं ऐकूच येत नाही.

सोळा तारखेला हरणाचे नर मारायचा हंगाम उघडला. रिग्मोर गेल्यानंतरचा हा माझा पहिला हंगाम. पहाटे उठलो, कॉफी स्वतःच केली आणि थर्मासचं झाकण लावायला विसरलो. ती असती तर आठवडाभर ऐकवलं असतं. थंडीत एक वेळ अशी आली होती, की सकाळी उठायचं कशाला, हेच मला कळत नव्हतं. मग मेची सोळा तारीख डोळ्यांपुढे ठेवून दिवस काढले. बहीण म्हणून हे फक्त तुलाच सांगतोय.

आता मुद्दा. एप्रिलपासून शिशाची गोळी बंद झाली, हे तुला ठाऊक आहे. पन्नास वर्षं मी एकच जड, बोथट नाकाची शिशाची गोळी वापरली. आता सगळ्यांना तांब्याची घ्यावी लागते. ऐंशी पावलांवर नर आडवा उभा होता. खांद्यामागे नेम धरला आणि बार काढला. तो दचकला, पाठ वाकवली आणि निघून गेला. शिसं असतं तर तिथेच बसला असता. सुई टोचावी तशी ही गोळी आरपार गेली आणि आत काही घडलंच नाही, असं मला वाटतं.

सिसेलला बोलावलं. तुझ्या जागी आता जखमी जनावरांचा माग काढायला तीच येते. शाळेत सुतारकाम शिकवते आणि बोलतेही रंधा मारल्यासारखं. तिने जागा पाहिली आणि म्हणाली, चार तास थांबू. का, ते सांगितलं नाही. मग आल्माला लावलं. तुझी आल्मा अजून तशीच आहे, नाक जमिनीला आणि शेपूट ताठ. सहाशे मीटरवर बोरूत नर मेलेला सापडला.

आता पुडी उघड. गोळी लागली त्या जागचे केस आहेत. तीस वर्षं तू हेच केलंस, तुझ्याइतकं केसांवरून कुणाला कळत नाही. सांग, दोष गोळीचाच ना?

तुझा
एगॉन


रन्ने, बॉर्नहोम
२६ मे २०२४

प्रिय एगॉन,

पुडी मिळाली. खिडकीपाशी उजेडात धरून केस पाहिले. खांद्यामागचेच वाटतात.

तुझं म्हणणं बरोबर आहे. शिसं मऊ असतं, ते हळू गेलं तरी फुलतं. तांबं हट्टी असतं. तांब्याच्या गोळीला वेग लागतो. वेग कमी पडला की तिच्या पाकळ्या उघडत नाहीत आणि ती तशीच आरपार जाते. तू जुन्या सवयीने जड गोळी घेतली असशील. हलकी घे, ती जास्त वेगाने जाते. आणि शंभर पावलांच्या आतच मार.

माझं कंबरेचं हाड म्हातारीसारखं दुखतं, पण मी म्हातारी नाही, तुझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. लेक रोज येऊन जाते. इथे हेरिंग मासे धुरी देऊन विकतात, त्याचा वास जिन्यात येतो तेव्हा आल्मा असती तर वेडी झाली असती, असं मनात येतं. तिला इथे आणलं नाही हे बरंच केलं. नऊ वर्षांची कुत्री, तिला जंगलच हवं. सिसेलकडे ती सुखात आहे, हे वाचून बरं वाटलं.

जेवत जा. नुसत्या राय धान्याच्या काळ्या पावावर दिवस काढू नकोस.

तुझी
बोदिल


क्लितगोर्ड
१५ जुलै २०२४

प्रिय बोदिल,

तुझ्या सल्ल्याप्रमाणे हलकी गोळी घेतली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात कुरणाच्या कडेला एक म्हातारा नर आला. एक बार, आणि तो उभ्या जागी कोसळला. मी तिथेच गवतात बसलो आणि बोदिल, मी रडलो. पन्नास वर्षांत कधी रडलो नव्हतो. वाटलं, घरी जाऊन रिग्मोरला सांगावं. मग कुत्र्याशिवाय, माणसाशिवाय, एकट्याने त्याला ओढत गाडीपाशी आणलं. यकृत कांद्यावर परतून खाल्लं. दोन दिवस मी पुन्हा माणसात आलो होतो.

पण काल पुन्हा तेच झालं. नव्वद पावलं, नर आडवा, नेम जागेवर. तो तिरपा होऊन पळाला. सिसेल आणि आल्मा अंधार पडेपर्यंत फिरल्या, आज सकाळी पुन्हा आल्या. रक्त थोडंसंच, मग तेही नाही. मिळाला नाही. आज हंगाम संपला. तो कुठेतरी झुडपात पडला असेल. मला झोप नाही.

हाडाची एक कपची सापडली, पाठवतोय. मला बरगडीची वाटते. बरगडीवर आपटून गोळी वळली असेल का? की हीही गोळी बदलावी? सिसेल माझ्याकडे पाहते आणि तोंड मिटून घेते. तिला काय वाटायचं ते वाटू दे, मला तुझं मत हवंय.

तुझा
एगॉन


रन्ने
२२ जुलै २०२४

प्रिय एगॉन,

कपची पाहिली. हो, बरगडीची असेल. मध्ये एखादी फांदी आली असेल आणि गोळी वळली असेल. हलक्या गोळीचं तेवढं एक वाईट, डहाळीलासुद्धा बिचकते. मधल्या वजनाची मिळते ती घेऊन बघ.

असं होतं एगॉन. मनाला लावून घेऊ नकोस. मी पाहिलेल्यांपैकी सगळ्यांच्या हातून एखादं तरी हरवलं आहे.

तो म्हातारा नर एका बारात पडला, ते वाचून मी दिवसभर खुशीत होते. लेकीलाही वाचून दाखवलं.

तुझी
बोदिल


३ ऑगस्ट २०२४

प्रिय बोदिल,

आपली ओळख कमी आहे. तुम्ही आल्माचा दोर माझ्या हातात दिलात त्या दिवशी दोन तास भेटलो, तेवढीच. पण एगॉन सांगत होते, की तुम्ही त्यांना गोळ्यांबद्दल लिहिता, म्हणून हे पत्र.

मेमधल्या नराला गोळी पोटात लागली होती. ज्या जागी गोळी लागली तिथे पांढरे, राठ केस होते आणि चघळलेलं हिरवं गवत होतं. म्हणूनच मी चार तास थांबले. त्याने पडून मरावं म्हणून थांबले. जुलैतल्या नराला ती पुढच्या पायात, गुडघ्याच्या खाली लागली. कपची जाड होती आणि तिच्यात हाडातला मगज होता, तसा पायाच्या हाडात असतो. तो तीन पायांवर गेला. एगॉन म्हणतात, की केस खांद्याचे होते आणि हाड बरगडीचं, आणि तुम्हालाही तसंच वाटतं. तुम्ही ते हातात घेऊन पाहिलेत. तुम्हाला तसं वाटणं शक्य नाही.

गोळीत काही खोट नाही. मी स्वतः तीच वापरते. एगॉनना दिसत नाही, असं मला वाटतं. माझ्या अंगणात त्यांनी कॉफीचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. फुटला तेव्हा म्हणाले, टेबल हललं.

मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, 'तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून मी बंदूक धरतोय.' माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. ऑक्टोबरात पुन्हा हंगाम उघडतो. त्याच्या आत सांगा, एवढीच विनंती.

सिसेल


रन्ने
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय सिसेल,

तुझ्या पत्राबद्दल आभार. तू आल्माला नीट सांभाळतेस हे मला माहीत आहे.

एगॉनबद्दल तू काळजीने लिहिलंस. पण त्याची बायको जाऊन वर्षही झालं नाही. अशा वेळी माणसाचं लक्ष ठिकाणावर नसतं, कपही फुटतात. त्याच्याशी बोलायचं ते समोर बसून बोललं पाहिजे, पत्रात नाही. नाताळात मी तिकडे येणार आहे. तेव्हा बोलते. तोवर तू त्याच्या जवळपास आहेस, याचा मला आधार वाटतो.

बोदिल


क्लितगोर्ड
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय बोदिल,

आल्मा मेली. मी मारली.

सिसेल तुला लिहिणार होती. मी म्हटलं, मीच लिहितो.

शनिवारी सकाळी मी एका मादीवर बार काढला. ती हलली, पडली, उठली आणि स्प्रूसच्या कोवळ्या झाडांच्या दाटीत शिरली. सिसेलला बोलावलं. दहाच्या सुमाराला ती आली. मला तिने वाळूच्या रस्त्यावर उभं केलं आणि म्हणाली, 'बंदूक रिकामी ठेवा. काहीही बाहेर आलं तरी तुम्ही बार काढायचा नाही. मी काढीन.' मी मान हलवली. ती आत गेल्यावर बंदूक भरली. वाटलं, माझी जखमी मादी आहे, ती मीच संपवावी. तिला पुन्हा हरवू द्यायची नाही.

आतून भुंकणं ऐकू आलं. सिसेलने आल्माला सोडलं होतं. मग झाडांच्या कडेतून काहीतरी तपकिरी बाहेर आलं. मी बार काढला.

तिच्या गळ्यात नारिंगी पट्टा होता. सिसेल म्हणते, शंभर पावलांवरूनही दिसतो. पट्टा होता तिथे माझ्या डोळ्यात काहीच नसतं, बोदिल. कडेकडेचं सगळं दिसतं आणि मधोमध धुकं. सरळ खांब वाकडा दिसतो. मार्चमध्ये शहरात डोळ्यांची डॉक्टर म्हणाली होती, की उजव्याचा मधला भाग गेलाय आणि यावर इलाज नाही, डाव्याचंही तसंच होऊ शकतं. मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

पण मी तुला केस पाठवले. दर वेळी पाकीट टपालात टाकलं की वाटायचं, आता बोदिल सांगणार. आता ती लिहिणार, की एगॉन, हे पोटाचे केस आहेत, बंदूक ठेव. मग तुझं पत्र यायचं आणि त्यात गोळीचं वजन असायचं. मी ते तीनतीनदा वाचायचो. म्हणायचो, बोदिलच्या नजरेतून तर काही सुटत नाही. तिला खांद्याचे वाटले म्हणजे खांद्याचेच. म्हणजे मला अजून दिसतंय. तू मुद्दाम काही केलं नाहीस, इतक्या दिवसांनी तुझी नजरही चुकली असेल. मी तुला दोष देत नाही.

सिसेल बाहेर आली. आल्माला उचलून तिने गाडीत घोंगडीवर ठेवलं. मग बंदूक घेऊन एकटीच परत आत गेली आणि संध्याकाळपर्यंत मादी शोधत राहिली, कुत्र्याशिवाय, हातापायांवर रांगत. सापडली तेव्हा जिवंत होती. शेवटचा बार तिनेच काढला. येताना माझ्याजवळून सरळ निघून गेली. मी तिथेच उभा होतो, सकाळपासून. कुठे जायचं ते कळत नव्हतं.

गोळीबद्दल आता काही विचारायचं नाही. आत जाताना नखाएवढी जागा, बाहेर पडताना मुठीएवढी. पाकळ्या सगळ्या उघडल्या.

एगॉन


रन्ने
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय एगॉन,

तू फोन उचलत नाहीस. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडणार नाही.

माझी नजर चुकली नव्हती. मेमध्ये पुडी उघडली तेव्हा पाव मिनिटात कळलं होतं. केस पोटाचे होते आणि त्यांना हिरवं चिकटलं होतं. कपची पायाची होती. सिसेलने मला ऑगस्टमध्ये सगळं स्पष्ट लिहिलं होतं आणि हंगामाच्या आत तुला सांगायची विनंती केली होती. मी तिला गोड बोलून गप्प केलं. सगळं माहीत असून मी तुला गोळ्यांची वजनं लिहीत राहिले. नाताळात सांगेन, म्हणून ढकलत राहिले. मला पुढच्या वर्षीसुद्धा सांगायचं नव्हतं.

कारण सांगते. त्याने काही भरून येणार नाही, तरी तुला कळायला हवं. बाबांनी शेवटच्या शरद ऋतूत बंदूक सोडली ती आपणहून, असं मी तुला सांगत आले. ते खोटं आहे. मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी जखमी केलेल्या एका मादीच्या मागावर मी दोन दिवस फिरले होते. तिचा खालचा जबडा उडाला होता. परत येऊन दारातच, बूटही न काढता मी म्हटलं, 'बाबा, तुमचे हात कापतात. पुन्हा बंदूक धरू नका.' ते वळले. आत गेले, बंदूक पुसली आणि कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागले. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. फेब्रुवारीत गेले. पस्तीस वर्षं मी मनात म्हणतेय, की बाबांना मी मारलं, चार शब्दांनी.

आणि मग तू लिहिलंस, की सोळा मे डोळ्यांपुढे ठेवून दिवस काढले. माझ्या हातात पोटाचे केस होते आणि तुझं ते वाक्य होतं. मी वाक्य निवडलं.

आल्मा माझ्या हातावर वाढली होती. बाटलीने दूध पाजलं होतं तिला. तिला तू नाही मारलंस. नाताळात येऊ का? नको म्हणालास तरी समजून घेईन. पण काहीतरी लिही.

बोदिल


क्लितगोर्ड
३० जानेवारी २०२५

प्रिय बोदिल,

हे पत्र एगॉन सांगतात तसं मी, सिसेल, लिहिते आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा ते उघडायचा त्यांना धीर झाला नाही. ते त्यांनी तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. डिसेंबरात डाव्या डोळ्याच्या आत रक्त आलं आणि तोही गेला. आता त्यांना खिडकी कुठे आहे एवढं कळतं. गाडी विकली. बंदूक त्यांनी ऑक्टोबरातच पोलिसांच्या ताब्यात दिली होती.

पहिल्यांदा मी आले ती नाताळाच्या आधी, त्यांची चूल पेटते की नाही ते बघायला. रागाने आले होते आणि रागातच लाकडं फोडली. नंतर गुरुवारी शाळा लवकर सुटते म्हणून गुरुवारी यायला लागले. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ड्रॉवर उघडून तुमचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, 'वाच. बहिणीचं आहे.' आत काय आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी वाचायला लागले आणि ऑगस्टमधल्या पत्राचा उल्लेख आला तिथे माझंच नाव आलं. शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. मग कोट घातला आणि निघून गेले. पुढच्या गुरुवारी येणार नव्हते. आले, कारण त्यांना वाचून दाखवायला दुसरं कुणी नाही.

आता एगॉन सांगतात ते, त्यांच्याच शब्दांत.

'बोदिल, बाबा तुझ्या बोलण्याने गेले नाहीत. त्यांना पोटाचा कॅन्सर होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्येच कळलं होतं. मी त्यांना इस्पितळात घेऊन जायचो आणि तुला सांगायचो, की लाकूड बघायला चाललोय. त्यांनी मला शपथ घातली होती, की पोरीला सांगायचं नाही, ती माग काढण्याची परीक्षा देतेय, तिला घोर नको. मग ते गेल्यावर मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग. बंदूक कपाटात ठेवली त्या रात्री ते मला म्हणाले होते, "बोदिल बोलली ते बरं झालं. माझ्याच्याने होत नव्हतं. मला ते कुणीतरी सांगायला हवं होतं." हे मी तुला पस्तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर तू मला मेमध्येच सांगितलं असतंस. एवढंच मला सुचतंय. रोज तेच सुचतं.'

 नंतर ते म्हणाले, की तुम्ही या, पण उन्हाळ्यात या. आत्ता त्यांना कुणाचा आवाज घरात सहन होत नाही. माझा होतो, कारण मी कमी बोलते.

याच्या पुढचं माझं आहे, त्यांनी सांगितलेलं नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. त्यांनाही केलेलं नाही. आल्माला माझ्या घरामागे बर्चच्या झाडाखाली पुरलंय, तुम्ही आलात की जागा दाखवीन. नवीन कुत्रं घेतलेलं नाही. आमच्या भागात कुणी हरीण जखमी केलं, तर आता शेजारच्या तालुक्यातून माणूस येतो, त्याला दीड तास लागतो.

तुम्ही पत्रं लिहीत जा, त्यांना ती हवी असतात. पाकीट आलं की आधी बोटांनी चाचपतात. मी सगळं जसंच्या तसं वाचून दाखवीन, एकही शब्द गाळणार नाही. पण खोटं दिसलं, तर तिथेच थांबेन आणि का थांबले ते त्यांना सांगेन.

सिसेल